पुन्हा जाता येईल इतकी रजा

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या वाचनात मला तुझा राग आला होता आणि रागाच्या भरात लिहिलेले पत्र पोस्टात टाकू नये, असे माझे मत आहे. हिंजवडीच्या कंपनीचे ऑफर लेटर हातात असताना तू ते नाकारून, साठवलेले सगळे पैसे घेऊन अकरा महिने जगभर फिरायचे म्हणतेस. शाळा-कॉलेजांत ज्यांची हत्या झाली त्यांची स्मारके पाहायची, तिथे उभे राहायचे, त्यावर लिहायचे. बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, आई जेवताना रडते, आणि हा पळपुटेपणा आहे का, असे तू मला विचारतेस.

पैसा म्हणजे यश नव्हे, हे मी तुला सांगणार नाही. ते तुला पटलेले आहे आणि मलाही, म्हणून तर मावशीकडून माझा पत्ता घेऊन तू मला लिहिलेस. राग आला तो तू सोबत जोडलेल्या यादीचा. डनब्लेन, एरफुर्ट, विनेन्डेन, बेस्लान, ओसाका, माँट्रियल, ब्लॅक्सबर्ग, कोलंबाइन, आणि शेवटी प्रश्नचिन्हासह पेशावर. प्रत्येकापुढे चार ते सहा दिवस, विमानाचे भाडे, वसतिगृहाचा दर. ज्या यशाला तू नकार देते आहेस, त्याचीच मोजण्याची सवय या यादीत जशीच्या तशी आली आहे. किती ठिकाणे, किती दिवसांत, किती खर्चात. हे सगळे पार पडले की तू परत येशील, लोक तुला व्याख्यानाला बोलावतील, आणि त्या नऊ गावांपैकी एकाही गावाशी तुझा पुढे काहीही संबंध उरणार नाही.

म्हणून जे सांगायचे ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तेच तेच सांगणार आहे. एक ठिकाण निवड आणि तिथे पुन्हा जा. पुढच्या वर्षी जा, त्याच्या पुढच्या वर्षी जा, आणि तुझे आयुष्य असे बेत की जाणे शक्य राहील.

तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मला फार आवडला, तो म्हणजे डिसेंबर २०१४ चा. १६ डिसेंबरला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये शिरून दहशतवाद्यांनी १३० हून अधिक विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक मारले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या आवाहनावरून आपल्याकडच्या शाळांत दोन मिनिटे मौन पाळले गेले. तू तेव्हा सहावीत होतीस. प्रार्थनेनंतर पटांगणात उभी राहिलीस, शेजारची मुलगी हसली म्हणून बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग घंटा झाली आणि गणिताचा तास सुरू झाला. ती घंटा फार लवकर झाली, असे तू लिहिले आहेस. त्या एका वाक्यासाठी मी हे लांबलचक उत्तर लिहिते आहे. पण मग चार ते सहा दिवसांनी वाजणारी घंटा तू स्वतःच आपल्या वेळापत्रकात का लिहून ठेवलीस?

आता डनब्लेनविषयी सांगते, कारण मी निवडलेले गाव ते आहे. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या उत्तरेला, एडिंबरो किंवा ग्लासगोहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावरचे छोटे गाव, मधून ॲलन नावाची नदी वाहते, वर जुने कॅथिड्रल. १३ मार्च १९९६ रोजी सकाळी तिथल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एक माणूस बंदुका घेऊन शिरला. पहिलीच्या वर्गातली पाच-सहा वर्षांची १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्या माणसाचे नाव तुझ्या पत्रात दोनदा आले आहे. ते काढून टाक, मला पुन्हा लिहू नकोस. मुलांची नावे मी इथे लिहीत नाही, त्याचे कारण वेगळे आहे. ती नावे त्यांच्या आईबापांनी जिथे कोरून ठेवली आहेत तिथे उभे राहून, हळू आवाजात, उच्चार चुकला तरी चालेल अशा बेताने वाचायची असतात.

पहिल्यांदा मी तिथे गेले तेव्हा जे कोणीही पाहते तेच पाहिले. कॅथिड्रलमध्ये उभा केलेला कोरीव दगड, गावाबाहेरच्या दफनभूमीतली स्मृतिबाग, तिथले कारंजे, नावांची पाटी. व्यायामशाळा घटनेनंतर महिन्याभरातच पाडून टाकलेली होती, शाळा मात्र चालू होती. संध्याकाळच्या गाडीने परतताना, आपण मोठे काहीतरी केले, असे मला वाटत होते. मुली, त्या भावनेपासून सावध राहा. एकदा जाऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती होते, आणि ती झाली की माणूस परत जात नाही.

मी परत गेले, आणि पुढेही जात राहिले. त्यातून जे समजले ते कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नव्हते. ती मुले माझ्या डोक्यात वाढू लागली. पहिल्यांदा गेले तेव्हा ती असती तर हायस्कुलात असती. पुढे एकदा गेले तेव्हा ती कॉलेज संपवून तुझ्यासारखी ऑफर लेटरे हातात घेऊन उभी असती. आता ती पस्तिशीच्या आसपास असती, आणि त्यांची स्वतःची मुले त्याच शाळेत पहिलीच्या वर्गात बसली असती. त्याच शाळेत तेव्हा शिकणारा आठ वर्षांचा अँडी मरे पुढे टेनिसपटू होऊन विम्बल्डन जिंकला. २०१२ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकानंतर गावातली लाल टपालपेटी त्याच्या मानासाठी सोनेरी रंगवली गेली. मी त्या पेटीसमोर उभी राहिले आणि मला प्रथमच कळले की १६ मुले गेली म्हणजे १६ बालपणे गेली एवढेच नव्हे. जी गेली त्यांचा तोटा दरवर्षी वाढत जातो, दरवर्षी त्यात एक नवीन वाढदिवस, एक नोकरी, एक लग्न, एक मूल मिळवावे लागते. एकदाच जाणाऱ्याला हा हिशेब दिसूच शकत नाही. त्याच्यासाठी ती मुले कायम पाच वर्षांची राहतात.

एकदा दफनभूमीत फुलांचे पाणी बदलणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले की गेल्या वर्षीही तुम्हीच आला होतात ना. का येता, हे त्यांनी विचारले नाही. हवेबद्दल बोलल्या, कोणते कंद या मातीत टिकतात ते सांगितले. मी त्यांना मुलाखतीसाठी काहीही विचारले नाही, आणि तूही विचारू नकोस. ध्वनिमुद्रण, ड्रोन, छायाचित्रांची मालिका, हे जे तू लिहिले आहेस ते पहिल्या तीन वर्षांत अजिबात करायचे नाही. हत्याकांडानंतरच्या दिवसांत अंत्यसंस्कार शांतपणे करता यावेत म्हणून डनब्लेनच्या लोकांनी पत्रकारांना गाव सोडायला सांगितले होते आणि पत्रकार खरोखरच गेले. एवढी मर्यादा त्यांनी पाळली, ती आपणही पाळावी.

हे दुःखाचे पर्यटन तर होणार नाही ना, अशी तुला भीती आहे. होईल, तू एकदाच गेलीस तर नक्की होईल. पंढरपूर एकदा पाहिलेले आहे, मग आता कशाला चाललात, असे वारकऱ्याला आपल्याकडे कोणी विचारत नाही. त्याला तिथे नवीन काही पाहायचे नसते, त्याला नेम पाळायचा असतो. पेरणी, मुलीचे बाळंतपण, कोर्टाची तारीख, हे सगळे तो आषाढीच्या अलीकडे-पलीकडे बसवतो. तुला प्रवास हवा असेल तर असा हवा. जग पाहायचे म्हणून निघणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण त्यांनी मृतांच्या नावाने निघू नये.

आता नोकरीचे बोलू. मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तुला सांगते. तू निवड चुकीच्या दोन गोष्टींमध्ये करते आहेस. नोकरी की प्रवास, हा प्रश्नच नाही. कोणती नोकरी तुला दरवर्षी सलग सुट्टी देते आणि कोणती देत नाही, हा प्रश्न आहे. मी बँकेत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. अधिकारी होण्याची संधी आली तेव्हा ती मी नाकारली, पुढे पुन्हा आली तेव्हा पुन्हा नाकारली, कारण प्रमोशनबरोबर बदली येत होती, शाखेची जबाबदारी येत होती आणि मार्चमध्ये रजा मिळण्याची शक्यता कायमची जात होती. वर्षअखेरीच्या तोंडावर मार्चची रजा मागणारी बाई, ही माझी ओळख झाली होती. ती मिळावी म्हणून दिवाळी, गणपती, मे महिना, सगळ्यांच्या रजेच्या काळात मी काउंटरवर बसले. माझ्याबरोबर लागलेल्या मैत्रिणींचे कोथरूडला फ्लॅट झाले. मी भाड्याच्या दोन खोल्यांत आहे. मला याची खंत नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पावसाळ्यात छत गळते तेव्हा खंत वाटते. पण मी पुन्हा हेच करीन.

आणि एक गोष्ट याहून जड आहे. आई शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळून होती आणि धाकट्या बहिणीने तिचे सगळे काढले. मी पैसे देत होते, शनिवार-रविवार साताऱ्याला जात होते, पण त्या मार्चमध्येही मी गेले. बहीण म्हणाली, तुला परक्यांच्या मुलांसाठी वेळ आहे. आई त्यानंतर काही महिन्यांनी गेली. तेव्हा मी घरी होते, तरीही ते वाक्य आमच्या दोघींमध्ये राहिले आहे. मी त्यावर खूप विचार केला आहे. आईला भेटायला रोज कोणीतरी येत होते, भाऊबंद होते, शेजार होता, बहीण होती. ज्यांच्या मुलांना मी भेटायला जात होते त्यांनाही आपली माणसे होतीच. पण घराबाहेरच्या, देशाबाहेरच्या, ज्याचे काहीही देणे लागत नाही अशा माणसाने त्यांचे मूल लक्षात ठेवले आहे, हे त्यांना कळायचे असेल तर कोणीतरी तिकीट काढून जावे लागते, आणि एकदा गेलेल्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. माझ्या बहिणीला हे पटलेले नाही. तुझ्या बाबांनाही पटणार नाही. त्यांना पटवण्यात वर्षे घालवू नकोस. त्यांच्यासाठी जे करायचे ते नीट कर आणि तुझे तिकीट काढ.

तू इंजिनिअर आहेस, म्हणून माँट्रियलकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहा. ६ डिसेंबर १९८९ रोजी तिथल्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी कॉलेजमध्ये एका माणसाने वर्गात शिरून मुलांना आणि मुलींना वेगळे केले आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. १४ स्त्रिया मारल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या. त्या मुलींना नेमके तेच हवे होते जे तुला आज क्षुल्लक वाटते आहे: पदवी, नोकरी, स्वतःचे टेबल, पगाराचा धनादेश. त्यासाठी त्यांचा जीव घेतला गेला. तेव्हा ऑफर लेटरविषयी लिहिताना तू जो तुच्छतेचा सूर लावला आहेस तो मला त्यांच्या बाबतीत अन्याय वाटतो. नोकरी नाकारायची तर नाकार, पण तिला हिणवू नकोस. दरवर्षी ६ डिसेंबरच्या संध्याकाळी माउंट रॉयल टेकडीवरून त्या १४ जणींसाठी आकाशात प्रकाशझोत सोडतात. तिथे उभी राहणारी इंजिनिअर मुलगी पगारपत्रकाकडे तुझ्या नजरेने पाहणार नाही.

माँट्रियलची आणखी एक गोष्ट माझ्या मुद्द्याची आहे. तिथून वाचलेल्या मुली आणि गेलेल्यांची कुटुंबे कायद्यासाठी उभी राहिली. १९९५ मध्ये कॅनडात बंदुकांचा नवा कायदा झाला, त्यातून लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी सुरू झाली. २०१२ मध्ये ती नोंदणी रद्द झाली. जे मिळवले होते ते हातून गेले, आणि तीच माणसे पुन्हा त्याच दारात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पिस्तुलांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली, डिसेंबर २०२३ मध्ये तिचा कायदा झाला. पहिल्या गोळीपासून चौतीस वर्षे. डनब्लेनला हे लवकर साधले: स्नोड्रॉप हे फूल त्या दिवसांत तिकडे उमललेले असते म्हणून त्याच्या नावाने अर्ज निघाला, सात लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि १९९७ मध्ये दोन कायद्यांनी मिळून सामान्य माणसाच्या हातातले पिस्तूल जवळजवळ संपवले. रशियातल्या बेस्लानच्या आयांना न्यायालयाकडून शब्द मिळायला साडेबारा वर्षे लागली. १ सप्टेंबर २००४ ला, शाळा उघडण्याच्या दिवशी, तिथे अकराशेहून अधिक लोक ओलीस धरले गेले, तीन दिवसांत ३३४ माणसे गेली, त्यांत १८६ मुले होती. एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रशियन सरकार त्यांचा जीव जपण्यात कमी पडले, असे ठरवले. ओलिसांना पाणी दिले जात नव्हते, म्हणून त्या जळक्या व्यायामशाळेत आजही लोक पाण्याच्या बाटल्या आणून ठेवतात. बाटली ठेवणे सोपे आहे. साडेबारा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणे म्हणजे काय, ते तुझ्या वेळापत्रकातल्या बेस्लानच्या पाच दिवसांत तुला कोण सांगणार होते?

मग कोणते ठिकाण निवडायचे? जिथे सर्वांत जास्त माणसे गेली ते नव्हे, जिथे तुला पुन्हा पोचता येईल ते. तू पुढे एमएससाठी अमेरिकेला जाण्याचे एका ओळीत लिहिले आहेस. तसे झाले तर ब्लॅक्सबर्गचा विचार कर. तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला ३२ जण गेले. त्यांत जलशास्त्र शिकवणारे, तामिळनाडूत जन्मलेले प्राध्यापक लोगनाथन होते, विद्यार्थ्यांना खिडकीतून निसटता यावे म्हणून दार अडवून उभे राहिलेले प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू होते, आणि वास्तुकला शिकायला मुंबईहून गेलेली एक मुलगीही होती. मैदानावर त्यांच्यासाठी मांडलेले ३२ दगड पहिल्यांदा विद्यार्थ्यांनीच आणून ठेवले, विद्यापीठाचे स्मारक नंतर झाले. आपल्याकडून दरवर्षी इतकी मुले अमेरिकेत शिकायला जातात. त्यांतल्या एकीने तरी दर एप्रिलला त्या मुंबईच्या मुलीच्या दगडापाशी जाऊन तिचे नाव मराठी जिभेने घ्यावे, असे मला फार वाटते. माझे वय झाले, नाहीतर मीच गेले असते.

पेशावर मात्र प्रश्नचिन्हासकट खोडून टाक. तिथे तुला आज जाता येणार नाही. पण ज्या पटांगणात तू उभी राहिलीस ते तुझ्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. १६ डिसेंबरला तिथे जा. मुख्याध्यापकांची परवानगी घे, सहावीच्या मुलांना काय झाले होते ते सांग, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. याला पासपोर्ट लागत नाही, म्हणून ते कमी प्रतीचे आहे असे समजू नकोस.

आता कामाचे. नोकरी नसलेल्या, अविवाहित, बावीस-तेवीस वर्षांच्या भारतीय मुलीला व्हिसा देताना अधिकारी पहिली गोष्ट पाहतो ती ही, की हिला परत यायला कारण काय आहे. अकरा महिन्यांच्या योजनेला तू हे उत्तर देऊ शकणार नाहीस आणि एक नकार पदरी पडला की पुढचे अर्ज जड जातात. नोकरीचे पत्र, मंजूर रजेचा कागद आणि सहा महिन्यांचे बँकेचे उतारे असतील तर गोष्ट वेगळी. ब्रिटनचा भेट-व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही मिळतो, एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही एवढेच. पुन्हा जायचे असलेल्या माणसासाठीच तो केलेला आहे.

तेव्हा ऑफर लेटरवर सही करायच्या आधी त्यांच्या मनुष्यबळ विभागाला चार गोष्टी लेखी विचार: वर्षाची हक्काची रजा किती, सलग किती दिवस घेता येते, उरलेली पुढच्या वर्षात नेता येते का, आणि बॉन्ड आहे का. पगाराविषयी काही विचारू नकोस, तो तुला पुरेल. उत्तरे समाधानकारक असतील तर सही कर, नसतील तर दुसरी नोकरी शोध, कमी पगाराची असली तरी चालेल. यादीतली आठ नावे खोडून एक ठेव आणि ते कोणते ते मला कळव. डनब्लेन ठेवलेस तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात जा, १३ तारखेच्या आधी, म्हणजे त्या दिवशी गाव त्यांचे त्यांना राहील. कॅथिड्रलजवळच्या राहण्याच्या स्वस्त जागेचा पत्ता माझ्याकडे आहे, तो पुढच्या पत्रात पाठवते.

तुझी,
काकू